साठ लिटर

ताम्पेरेत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
बाहेर उणे एकवीस,
आणि ताउनोच्या बैठकीत पंचवीस अंशांचा समुद्र:
साठ लिटर, दोन विदूषक मासे, सहा गोगलगायी,
स्वयंपाकघराच्या काट्यावर पाच किलो भरलेला
दूरच्या कुठल्या प्रवाळातला दगड.

दगड जिवंत आहे, दुकानातला यार्को म्हणाला होता.
ताउनोला ती विकणाऱ्याची भाषा वाटली.
कागद गिरणीत एकतीस वर्षं काढलेला माणूस,
त्याच्या मते यंत्र जिवंत असतं. दगड कसला.

तिसऱ्या आठवड्यात दगडाला फुटलं
काचेसारखं, तपकिरी, काडीपेटीच्या काडीएवढं फूल.
हिल्का म्हणाली, नारळाचं झाड दिसतंय, राहू दे.
राहू दिलं.
सात झाली तेव्हा ताउनोनं चिमटा घेतला
आणि उपटली.
मागे राहिलेल्या कणाकणानं मूळ धरलं.
महिन्याभरात सतराशे साठ.

मग चुना. हिल्काच्या इन्सुलिनची सुई
पहिल्याच थेंबाला तुंबली,
दवाखान्यातल्या नर्सकडून जाड सुई मागून आणली
(कशाला, ते सांगताना लाजला).
पंप बंद.
सुई फुलाच्या तोंडाशी, हात दगडासारखा स्थिर.
घाई केली की ते आत ओढून घेतं अंग,
म्हणून घास भरवल्यासारखं, थोडं थोडं.
रोज सकाळी बायकोच्या पोटाची चिमूट धरून
असंच हळू टोचणारा हात तो,
त्याला शिकवावं लागलं नाही.

टक्.
रात्री हिल्काला ऐकू आलं.
टाकीत कुणीतरी आहे, ती म्हणाली.
ताउनोचे कान गिरणीतच राहिले होते,
त्यानं तिच्या चेहऱ्यावरून आवाज वाचला.

लाल कागद लावलेली विजेरी. पहाटेचे दोन.
लाल उजेड त्या जीवांना फारसा दिसत नाही म्हणे.
गोगलगायीच्या रिकाम्या होत चाललेल्या शंखात
बोटभर लांब, नारिंगी, केसाळ किडा.
सापडलास.
चिमट्यानं धरला, बादलीत टाकला,
त्याचे काचेचे केस चार दिवस बोटात सलत राहिले.

पाचव्या दिवशी दुसरी गोगलगाय मेली,
आणि या वेळी तिला खाऊन संपवायला कुणी नव्हतं.
खोलीला वास. पाणी दुधाळ.
मासे वरच्या बाजूला, तोंड उघडून.
चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.
ताउनो त्या रात्री बादल्या वाहत होता
आणि कुणाशीच बोलत नव्हता.

चोर निघाला खेकडा.
अंगभर लव, नांग्यांची टोकं काळी,
गोगलगायीच्या जुन्या भोकात आयता नागोबा.
वोडकाचा छोटा प्याला तिरका टेकवला दगडाला,
आत कोळंबीचा तुकडा.
चार वाजता तो उतरला, जेवला,
गुळगुळीत काचेवरून त्याला चढता येईना.

संडासात नाही टाकायचा, हिल्का म्हणाली.
गोठवायचा पण नाही.
मग काय करायचा?
तिनं हेरिंगची मोठी बरणी धुवायला काढली,
तीनदा, साबणाशिवाय.

आता तो रेडिएटरशेजारी राहतो.
बाहेर बर्फ, आत तो, मध्ये दोन काचा.
ताउनो दिवसाआड त्याचं पाणी बदलतो, शिव्या देतो,
आणि शिंपल्याचा तुकडा टाकायचं विसरत नाही.

आवाज बंद झाला ना गं?
अंथरुणात त्यानं विचारलं, ती दिसावी म्हणून दिवा ठेवून.
टक्,
साठ लिटरमधून कुणीतरी म्हणालं.
हिल्कानं चेहरा जराही हलू दिला नाही.
झाला, ती म्हणाली,
आणि दिवा मालवून
पुढच्या टकची वाट बघत
जागी पडून राहिली.